स्विमिंग पूलच्या पंपाची मोटर जळाली : नुसती मोटर बदलावी की अख्खा पंप? (नागपूर)

मनीषनगरकर

आमच्या सोसायटीचा पोहण्याचा तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असून त्याच्या वाळूच्या फिल्टरला १ एचपीचा सिंगल फेज पंप जोडलेला आहे. तलावाच्या कडेला अर्धी जमिनीत गेलेली आणि वर पत्रा घातलेली एक खोली आहे, तिच्यात हा पंप सहा वर्षे विनातक्रार चालला. जानेवारीपासून मोटर आणि पंप यांच्या जोडावरून पाणी ठिबकू लागले, त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. एप्रिलमध्ये मोटर किरकिरू लागली आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, तिसऱ्या दिवशी तिने नुसतीच घूं-घूं केली, जळका वास आला आणि एमसीबी पडला.

आता तीन जणांचे तीन सल्ले आहेत. एक मिस्त्री आतली जळलेली तार बदलून मोटर भरून देतो म्हणतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की खर्च होणारच आहे तर १.५ एचपीची मोटर लावा, म्हणजे पाणी जोरात येईल. पंप विकणाऱ्याच्या मते सहा वर्षांच्या पंपाला नवी मोटर लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पंपाच्या प्लॅस्टिकच्या भागाला तडा नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर

तुम्ही लक्षणे क्रमाने लिहिलीत म्हणून निदान सोपे झाले. आधी मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारे सील, गेले, सीलमधून आलेले पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचले, बेअरिंग गंजून किरकिरू लागले, मग शाफ्ट जड झाला, मोटर जास्त करंट ओढू लागली आणि शेवटी वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, गेले. मोटरीच्या खाली पांढरी खरपुडी साचली आहे का ते पाहा. बोअरचे पाणी असेल तर ती नक्की सापडेल आणि गळती किती महिने चालू होती हेही तिच्या जाडीवरून कळेल.

पंपाचे शरीर शाबूत असेल तर अख्खा पंप बदलण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारे पात्यांचे चाक, हातात घेऊन पाहा. त्याची पाती झिजलेली असतील किंवा त्याची बाहेरची कड केसिंगला घासलेली असेल, तर माझे मत बदलेल.

१.५ एचपीच्या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. किती पाणी फेकायचे हे इम्पेलर आणि त्याचा वेग ठरवतात. १ एचपीची असो वा १.५ एचपीची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरेच घेणार; इम्पेलर तोच राहिला तर पाणीही तेवढेच येणार. तुमच्या तलावात सुमारे ८६ हजार लिटर पाणी आहे, ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावे असे धरले तर ताशी ११ हजार लिटर पुरेत, आणि तेवढे काम १ एचपीचा चांगला पंप करतो. मोटरीबरोबर इम्पेलरही मोठा घातलात तर फिल्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी वाळूतून रेटले जाईल आणि मळ अडकण्याऐवजी तलावात परत येईल.

त्रिमूर्तीनगर_३

माझा भाचा अमेरिकेहून येत आहे. तिकडे पूलच्या मोटरी घरोघरी मिळतात, तो सामानातून घेऊन येऊ शकेल. असे केले तर चालेल का?

वीजतंत्री

कृपया तसे करू नये. तिकडची वीज ६० हर्ट्झची आहे. निव्वळ ६० हर्ट्झसाठी बनवलेली २३० व्होल्टची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर लावली की तिच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय भार वाढतो, ती जास्त करंट घेते आणि तापते. शिवाय वेग पाच-षष्ठांशावर येतो, पाणीही त्याच प्रमाणात घटते आणि दाब तर सुमारे ६९ टक्केच उरतो. फ्लँजची, म्हणजे मोटर पंपाला बोल्टने जोडणाऱ्या चकतीची, आणि शाफ्टची मापेही वेगळी निघतात, ती कटकट निराळीच.

मूळ प्रश्नाकडे येतो. नवी मोटर घेताना पाटीवरच्या एचपीइतकेच लक्ष आणखी एका आकड्याकडे द्यावे. बहुतेक मोटरी ४० अंश सेल्सिअस भोवतालचे तापमान गृहीत धरून बनवलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, मग पत्र्याच्या बंद खोलीत काय होत असेल ते तिथे पाच मिनिटे उभे राहिले की कळते. म्हणून एफ वर्गाच्या इन्सुलेशनची, म्हणजे १५५ अंशांपर्यंत टिकणारी, आणि आयपी ५५ संरक्षणाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे सोसणारी, मोटर मागावी. खोलीत समोरासमोर झरोके पाडून एका बाजूला एक्झॉस्ट पंखा लावावा, आणि उन्हाळ्यात पंपाचे बरेचसे तास पहाटे उरकावेत; दुपारी उन्हाने क्लोरीन उडून जात असल्यामुळे पंप दिवसभर बंद ठेवणे मात्र बरे नाही.

संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले की तुमच्याकडे व्होल्टेज किती उतरते? मोटर चालू असताना टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमट्यासारखे लावायचे मीटर) करंट कधी मोजला होता का? आणि सोसायटीत थ्री फेज आहे का?

मनीषनगरकर

दोघांचेही मनापासून आभार. पांढरी खरपुडी खरोखरच सापडली. बोटभर जाड होती आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावी लागली. पाटीवर ५.८ अँपिअर लिहिले आहे आणि सुरक्षारक्षकाच्या वहीत मार्चमधली ७.२ ची नोंद आहे. ती तेव्हा कोणी वाचलीच नाही! व्होल्टेज संध्याकाळी १९५ पर्यंत उतरते. लिफ्टसाठी थ्री फेज घेतलेले आहे.

वीजतंत्री

मग माझ्या मते त्याच मापाच्या फ्लँजची १ एचपीची थ्री फेज मोटर घ्यावी. तिच्यात कपॅसिटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजूनही कंडेन्सर म्हणतात तो, नसल्यामुळे बिघाडाची एक जागा कमी होते. सोबत ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) असलेला स्टार्टर हवाच, कारण एक फेज गेली की संरक्षण नसलेली मोटर बघता बघता जळते. एमसीबी तारेचे रक्षण करतो. मोटर वाचवणे हे त्याचे काम नव्हे. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असावा, मोटरीला आणि तलावाच्या स्टीलच्या शिडीला पक्के अर्थिंग असावे, आणि चाचणी चालू असताना पाण्यात कोणीही नसावे.

अंबाझरीचा_शेजारी

थोडे विषयाला धरूनच लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या भागात पाणी शिरले, तेव्हा आमची अशीच खोलगट पंपाची खोली छतापर्यंत भरली. पाणी ओसरल्यावर एका उत्साही सदस्याने बटण दाबले आणि केवळ भिजलेली मोटर जळून गेली. ती उघडून वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायचे मीटर) ५०० व्होल्टवर तपासून मग लावली असती तर कदाचित वाचली असती. नवा स्टार्टर लावणारच असाल तर तो जमिनीच्या पातळीपासून छातीएवढ्या उंचीवर, खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आडोशाला लावा. आणि त्या खोलीत ॲसिडचे कॅन ठेवत असाल तर ते आधी हलवा. त्याच्या वाफेने मोटरीचे तांबे आणि बेअरिंग खराब होतेच, पण क्लोरीनच्या पावडरशी त्याचा संपर्क झाला तर विषारी वायू तयार होतो.

जुना_फिटर

पूर्ण सहमत. बसवण्याविषयी माझे म्हणणे एवढेच की मिस्त्री काम करत असताना कोणीतरी शेजारी उभे राहावे.

तुमचा पंप पाण्याच्या पातळीखाली असल्यामुळे ओढ आणि फेक या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह आधी बंद करावेत, नाही तर बोल्ट सैल होताच तलाव खोलीत उतरेल. इम्पेलर काढताना त्याच्या डोळ्यात, म्हणजे मधल्या भोकात, लहान स्क्रू आहे का ते टॉर्चने पाहावे. काही पंपांत तो उलट्या आट्यांचा असतो आणि जोर लावला की प्लॅस्टिक तुटते. सील जुने ठेवू नये, ते दिसायला कितीही चांगले असले तरी. नव्या सीलचे दोन चकचकीत चेहरे, एक सिरॅमिकचा आणि एक कार्बनचा, समोरासमोर येतात. त्यांना बोट लावू नये, ग्रीस तर मुळीच नाही. रबर सरकण्यासाठी साबणाचे पाणी पुरते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालते, पण गाडीच्या ग्रीसने अनेक प्रकारचे रबर फुगते.

थ्री फेजमध्ये दिशा तपासणे आलेच. मोटर उलटी फिरली तरी असा पंप थोडे पाणी देतो, म्हणून फसगत होते. पंप पाण्याने भरून क्षणभर चालू करावा, बंद होताना पंख्याकडे पाहावे आणि बाणाशी जुळत नसेल तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल कराव्यात. कोरडा पंप ‘फक्त बघायला’ म्हणूनही चालवू नये. नवे सील अशा वेळीच जळते.

मनीषनगरकर

काम होऊन आठ दिवस झाले म्हणून कळवतो. थ्री फेजची एफ वर्गाची मोटर, नवे सील आणि स्टार्टर बसवला. इम्पेलर ठीक निघाला. पहिल्यांदा मोटर उलटीच फिरली, आणि मिस्त्री “पाणी तर येत आहे” म्हणून निघण्याच्या तयारीत होता. तुमचे लिखाण त्याला मोबाईलवर दाखवले तेव्हा त्याने दोन तारा बदलल्या आणि फिल्टरवरचा काटा लगेच वर सरकला. तिन्ही फेजवर १.७ ते १.८ अँपिअर येत आहेत, पाटीवर १.९ आहे. जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला होता, तो आजही कोरडा आहे.

शेवटचा प्रश्न असा की, जुनी मोटर भरून राखीव ठेवावी का?

जुना_फिटर

आता पंपाची जोडणी थ्री फेजची झाल्यामुळे ती राखीव म्हणून ठेवलीत तर तिच्यासाठी वेगळा स्टार्टर आणि वेगळी लाईन ठेवावी लागेल. त्यापेक्षा तांब्याच्या भावाने भंगारात द्या आणि त्या पैशांत एक जादा सील घेऊन ठेवा. मे महिन्यात ऐन वेळी तुमच्या मापाचे सील मिळेलच असे नाही.