अनुभव धागा: विद्यार्थीदशेतली शॉर्ट फिल्म, कागदापासून एक्स्पोर्टपर्यंत

धागाकर्ती

शॉर्ट फिल्म कशी करावी याचे सल्ले भरपूर मिळतात, पण बहुतेक सल्ले माणसं, दिवे आणि वेळ हाताशी असणाऱ्यांचे असतात. इथे मला वर्गातल्या पाच-सहा जणांनी, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, परीक्षेच्या अलीकडे-पलीकडे केलेल्या फिल्मचे अनुभव हवे आहेत. तुमच्याकडे जे काम होतं तेवढ्याचंच लिहा. दिग्दर्शकच बोलले पाहिजेत असं काही नाही, उलट त्यांनी जरा थांबलं तर बरं.

सुरुवात मी करते. आमची गोष्ट सुचली नाही, हाताशी असलेल्या गोष्टींच्या यादीतून निघाली. एक जिना, एक रिकामी खोली आणि एका मैत्रिणीची आजी, जी कॅमेऱ्यासमोर अजिबात बुजत नाही. आधी गोष्ट लिहून मग जिना शोधत फिरणाऱ्यांची पटकथा आमच्यापेक्षा सरस असेलही, पण शूटिंग येईपर्यंत तिच्यातलं निम्मं गळून पडलेलं मी पाहिलंय.

एका पानाला पडद्यावर साधारण एक मिनिट, हा हिशोब ठरावीक पद्धतीने टाइप केलेल्या पटकथेचा आहे. वहीच्या पानांना तो लागू पडत नाही. आम्ही घड्याळ लावून संवाद मोठ्याने वाचले आणि न बोलता घडणाऱ्या गोष्टी प्रत्यक्ष करून पाहिल्या. ‘ती जिना चढते’ हे कागदावर तीन शब्द. आजींना जिना चढायला लागतो तो वेळ वेगळाच. त्या वेळेतच फिल्म आहे हे तेव्हा लक्षात आलं आणि दोन सीन तिथेच उडाले.

कॉलशीटवाला

आमच्या दिग्दर्शकाला पटकथेच्या क्रमानेच शूट करायचं होतं. मी प्रत्येक सीनची एक चिठ्ठी केली: जागा, दिवस की रात्र, कोण कोण लागणार, कोणती वस्तू लागणार. चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या, जागेनुसार गठ्ठे केले, मग प्रत्येक गठ्ठा उजेडानुसार लावला. पहिला आणि शेवटचा सीन एकाच खोलीतला, म्हणजे लागोपाठ. नायकाची दाढी गोष्टीत पुढे वाढलेली दिसते, म्हणजे दाढीवाले सीन आधी आणि बाकीचे दाढी केल्यावर. हे दाढीचं उदाहरण दिल्यावरच महाराज शांत झाले.

शॉटलिस्टमध्ये, म्हणजे घ्यायच्या शॉट्सच्या यादीत, मी एक रकाना वाढवला. प्रत्येक शॉटपुढे ‘नसला तरी चालेल’ किंवा ‘नसला तर गोष्ट कळणार नाही’ एवढंच लिहायचं. उशीर तर होणारच. काय गाळायचं हे भर शूटमध्ये ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा शॉट वाचतो.

दिवसाचा पहिला सीन सोपा ठेवा. रडारड, भांडण वगैरे दुसरा किंवा तिसरा. शेवटी तर मुळीच नको, कारण तेव्हा सगळे एकमेकांवर खरंच चिडलेले असतात आणि ते पडद्यावर अभिनयासारखं दिसत नाही.

बिनपटकथेची

वरच्या चिठ्ठ्या वाचून धाप लागली. आमच्याकडे एक पान होतं, त्यावर कोण कुठे येतं आणि जाताना काय बदललेलं असतं एवढंच. संवाद नटांनी उभ्या उभ्या तयार केले आणि ते आम्ही लिहिले असते त्यापेक्षा कितीतरी जिवंत झाले.

याची किंमत एडिटमध्ये मोजावी लागते हे मान्य. प्रत्येक टेकमध्ये वाक्य वेगळं, हात वेगळ्या जागी, त्यामुळे मास्टरमधून (सगळे दिसतात त्या रुंद शॉटमधून) क्लोजमध्ये (चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये) जाताच येत नाही. उपाय म्हणजे दोन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवायचे, फोन असले तरी चालतील. मग एकाच टेकमधले दोन कोन मिळतात आणि जोड बसतो. दिवे मात्र दोन्हीकडून बरे दिसतील असे लावावे लागतात, म्हणजे खरं तर कुठूनच फार छान दिसत नाहीत. आम्हाला ते चाललं.

बूमवाली

मला कुणी विचारलं नव्हतं, उंची बघून हातात बूम, म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी दिली. आता मी दुसऱ्यांच्या फिल्म्सनाही जाते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. न कळणारा संवाद नाही घेत. आणि संवाद न कळण्याचं कारण माइक स्वस्त असणं हे क्वचितच असतं, माइक लांब असतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने पडतो, पण भिंतींवरून परत येणारा घुमारा तेवढा पडत नाही. म्हणून लांबून घेतलेला संवाद विहिरीतून आल्यासारखा वाटतो, आणि नंतर आवाज वाढवला की विहीरही वाढते. कॅमेऱ्यावर बसवलेला महागडा माइक तीन मीटरवरून जे देतो त्यापेक्षा नटाच्या शर्टाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला साधा लॅपल माइक आणि खिशातला फोन पुष्कळ बरं देतो. कापड माइकवर घासणार नाही एवढं बघा, आणि फोन फ्लाइट मोडवर टाका.

रेकीला, म्हणजे जागा आधी पाहायला, गेलात की दोन मिनिटं गप्प उभे राहा, आणि शूटची जी वेळ आहे त्याच वेळी जा. सुट्टीच्या सकाळी शांत असलेली खोली कामाच्या दिवशी दुपारी शांत असेलच असं नाही. पंखा बंद म्हणजे बंद, मग नट घामेजले तरी चालतील, टिपायला माणूस ठेवा. फ्रिज बंद करायचा असेल तर घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. ही युक्ती या धंद्यात जुनीच आहे, माझी नाही.

रूम टोन: सीन संपला की सगळ्यांना आहे तिथे थांबवून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, तीस सेकंद ते एक मिनिट. लोक हसतात, कुजबुजतात, पिशव्या आवरायला लागतात. मी सरळ ओरडते. दोन संवादांच्या मधला खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही.

रेकॉर्डिंगची लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील. ओरडण्याचा सीन असेल तर तालमीत खरोखर ओरडून दाखवायला सांगा. नट तालमीत हळू बोलतात आणि टेकमध्ये छप्पर उडवतात. एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही.

कॅमेरा धरणारा

बूमताईंशी सहमत, फक्त अंधारलेलं चित्र इतक्या सहज माफ करू नका.

फोनवर शूट करत असाल तर एक्स्पोजर (चित्राचा उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर नट खिडकीजवळून चालत गेला की अख्खी भिंत उजळते नि मंदावते. दुसरं म्हणजे दिव्यांची थरथर. वीज 50 हर्ट्‌झची असेल तिथे सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. 60 हर्ट्‌झच्या प्रदेशात 1/60 किंवा 1/120. कारण साधं आहे: ट्यूबलाइट सेकंदाला विजेच्या दुप्पट वेळा मंद-तेज होते, आणि शटर तिच्या तालात नसलं की चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. छोट्या पडद्यावर तेव्हा ते दिसत नाहीत, प्रोजेक्टरवर ठळक दिसतात.

दिवा कमी पडत असेल तर दुसरा आणण्याआधी आहे तो जवळ सरकवा. उघडा बल्ब निम्म्या अंतरावर आणला की चौपट उजेड. आम्ही तर खिडकीवर पांढरी चादर ताणून पूर्ण फिल्म काढली, फक्त सूर्य ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे दिवस आखावा लागला.

लाइन क्रॉस होण्याबद्दल सगळे घाबरवतात. समोरासमोर बोलणाऱ्या दोघांमध्ये एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, एवढंच आहे ते. मी जमिनीवर चिकटपट्टी लावायचो. शॉटमध्ये दिसली तर काढायची.

पडद्यावर दिसणारी

नटाच्या बाजूने थोडंसं. ‘जरा जास्त दुःखी हो’ यावर काहीही करता येत नाही. ‘पत्र वाचू नकोस, त्याची घडी घालत राहा, तो बघतोय तोवर’ हे करता येतं. आमची दिग्दर्शिका दुसऱ्या प्रकारची होती, देव तिचं भलं करो.

आणि वाट पाहायला लावा, पण किती ते सांगा. दिवा हलवायला पंधरा मिनिटं लागणार असतील तर मी पुस्तक काढते. ‘झालंच, झालंच’ ऐकत तासभर तयारीत उभं राहिलं की टेकपर्यंत आत काही उरत नाही.

एडिट टेबलवरून

माझ्याकडे फुटेज येतं तेव्हा सगळे दमलेले आणि एकमेकांना टाळत असतात, त्यामुळे मला शांतता मिळते.

पहिलं काम कॉपी. कार्डवरून दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि दोन्हींवरची फाइल उघडून, शेवटपर्यंत ओढून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हे काम एकाच माणसाकडे ठेवा. दोघांकडे दिलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याने केलं.

फोनच्या फुटेजमध्ये एक छुपी भानगड असते: फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि टेकच्या शेवटी सरकलेला असतो. एडिटला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळं स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या. जुन्या लॅपटॉपवर 4 के अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे हलक्या फाइलींवर कापायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडायच्या.

आता खरं काम. पहिला जोड नेहमीच भयंकर असतो, फिल्म दुप्पट लांब आणि निर्जीव. दिग्दर्शकाला तो एकट्याने बघू देऊ नका. माझी पद्धत अशी की प्रत्येक सीनची सुरुवात आणि शेवट झाकून बघायचं. दार उघडणं, आत येणं, बसणं, ‘काय म्हणतोस’, हे सगळं गेलं तरी सीन समजतो का? बहुतेक वेळा समजतो. मग त्या दारात उभं राहून सगळ्यांनी घेतलेला सुंदर शॉट जातो आणि कॅमेरावाले मित्र दोन दिवस बोलत नाहीत.

संवादात ज्याचं वाक्य त्याचा चेहरा, असं कापत गेलात तर टेबल टेनिस होतं. ऐकणाऱ्यावर थांबा. पुढच्याचा आवाज आधी येऊ द्या आणि चित्र नंतर, किंवा उलटं, ‘जे’ (J) कट आणि ‘एल’ (L) कट म्हणतात ते हेच. अभिनय कमी पडतोय असं वाटणाऱ्या निम्म्या जागा यातच सुधारतात. 1920 च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्हने एकाच नटाचा एकच कोरा चेहरा सूपची वाटी, शवपेटी आणि तरुणी यांना आलटून पालटून जोडला आणि प्रेक्षकांनी त्याच्या भूक, दुःख, अभिलाषा दाखवण्याचं कौतुक केलं, असं सांगितलं जातं. कौतुक खरंच तेवढं झालं की नाही यावर लोक वाद घालतात. जोडल्याने चेहऱ्याचा अर्थ बदलतो, हे मात्र आमच्या टाइमलाइनवर रोज दिसतं. एका मुलीच्या टेक सुरू होण्याआधीच्या, नुसत्या कंटाळलेल्या चेहऱ्याने आमचा शेवट वाचवला. तिला अजून सांगितलेलं नाही.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राची कापाकापी संपली असं ठरल्यावर, खरंच लॉक. त्यानंतर चार फ्रेम हलवल्या तरी साउंडवाल्याचं सगळं काम सरकतं.

धागाकर्ती

संगीत आणि फेस्टिव्हलबद्दल कुणी लिहिलं नाही. ‘क्रेडिट दिलं की गाणं वापरता येतं’ हे खरं आहे का?

फॉर्म भरणारा

नाही. श्रेय देणं आणि परवानगी असणं वेगळं. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेताना ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ लिहिलेलं असेल तर तेही बाद, कारण संगीत चित्राशी जुळवून बसवणं हे त्यांच्या नियमात नवं रूपांतर धरलं जातं. मी वर्गातल्या पेटी वाजवणाऱ्या मुलाला बसवलं आणि त्याच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र सही करून घेतलं. नटांकडून आणि जागामालकाकडूनही असंच पत्र शूटच्या दिवशीच घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत.

लांबीचं: ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते, पण त्या आकड्यावर जाऊ नका. प्रत्येक फेस्टिव्हलची मर्यादा वेगळी असते, आणि कार्यक्रम आखणाऱ्याला आठ मिनिटांची फिल्म कुठेही बसवता येते, तीस मिनिटांची नाही.

बूमवाली

एक राहिलं. मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकी आवाजांची जुळवणी, हेडफोनवर करून तसाच एक्स्पोर्ट करू नका. फोनच्या स्पीकरवर ऐका, मग जिथे दाखवणार त्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर एकदा लावा आणि सगळ्यात मागे जाऊन बसा. तिथे संवाद कळत नसेल तर आधी संगीत खाली आणा, संवाद वर नेण्याचा विचार नंतर.