‘पर्फ्युजन’ला पाझर म्हणावं का?

रंकाळाकाठ: डुकराच्या नवजात पिलांच्या मेंदूचं पर्फ्युजन (केशवाहिन्यांपर्यंत रक्त पोचणं) कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीनं, म्हणजे रक्तात वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडून, मोजायची कार्यपद्धती मराठीत करतोय, कोल्हापुरातल्या पशुवैद्यकांसाठी. ‘रक्ताभिसरण’ लिहिलं, तर तपासणाऱ्यानं ‘ते सर्क्युलेशन’ म्हणून खोडलं आणि ‘पाझर’ सुचवलं. चालेल?

बोरूबहाद्दर: चालेल काय, धावेल. प्र + क्षर, प्राकृतात पज्झर. घरचा शब्द आहे.

सरीवरंबा: घरचा असंल ओ, पण अर्थ उलटा. पाझर म्हणजे भिंतीतनं बाहेर झिरपणं. हे बुडबुडे दोन-तीन मायक्रॉनचे, तांबड्या पेशीपेक्षा लहान. केशवाहिनीतनं पार होतात, बाहेर पडत नाहीत. सगळी मोजणी त्यावरच उभी. उसात बघा: पाटाला पाणी किती हे वेगळं, सरीच्या शेंड्याला पोचलं का हे वेगळं. पर्फ्युजन म्हणजे दुसरं.

बोरूबहाद्दर: मग ‘रक्तसिंचन’. की ‘रक्तप्रवाह’ पुरे?

सरीवरंबा: प्रवाह म्हटलं की १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला किती मिली, हे सांगावं लागतं. इथं कमी यांत्रिक निर्देशांकावर (ध्वनिलहरींचा जोर कमी ठेवून) बघत राहायचं, एक जोरकस झटका देऊन प्रतलातले बुडबुडे फोडायचे आणि ते परत किती वेगानं भरतात ते आलेखावर मोजायचं. हाती येते ती सापेक्ष तीव्रता, मिली नव्हे. त्यात सिरिंज पंपावर स्थिर राहिली तर बुडबुडे वर तरंगतात, खाली नुसतं सलाईन उरतं. आलेख उतरत जातो आणि नवशिक्या लिहितो, ‘रक्तपुरवठा घटला’. सिरिंज हलती पाहिजे. सुईही २० गेजपेक्षा बारीक नको, दाबानं बुडबुडे आतच फुटतात.

शब्दखवय्या: आणि कॉन्ट्रास्टला ‘विरोधाभास’ लिहू नका. यंत्रानं केलेल्या भाषांतरात दिसलं, हसू आवरेना.

रंकाळाकाठ: अजून एक. ‘टाळू भरलेली असल्यास कवटीत खिडकी करावी’ असं लिहिलंय. डुकराच्या पिलाला माणसाच्या बाळासारखी मोकळी टाळू मिळत नाही, म्हणून. बरोबर?

शब्दखवय्या: टाळू भरणं म्हणजे बाळाच्या टाळूवर तेल थापणं! वाचणारा म्हणेल, तेल लावलं म्हणून कवटी कापू?

सरीवरंबा: आमच्यात दोन्ही म्हणतात. तेलानं भरतात आणि दीड वर्षात आपोआप भरून येते.

बोरूबहाद्दर: ‘भरून आली’ लिहा. ‘भरली’ नको.

शब्दखवय्या: जखम भरून येते, टाळू नव्हे. टाळू मिटते.

रंकाळाकाठ: ‘टाळू बंद झालेली असल्यास’ करतो. आणि पर्फ्युजनचं काय ठरलं?

बोरूबहाद्दर: ‘बंद’ फारसी आहे.