मदत हवी आहे: मुलाचं मनगट मोडलंय, 'टाइप २' म्हणजे नेमकं किती गंभीर?

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. कबड्डीच्या सरावात तळहातावर जोरात पडला आणि उजवं मनगट मोडलं. त्याच दिवशी भूल देऊन हाड बसवलं, आधी कच्चं आणि नंतर पक्कं प्लास्टर घातलं. केसपेपरवर 'डिस्टल रेडियस, सॉल्टर-हॅरिस टाइप २' असं लिहिलंय. डॉक्टर भले आहेत, पण ओपीडीत इतकी गर्दी असते की दोन प्रश्न विचारून होईपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. म्हणून इथे विचारते.

माझ्या बहिणीची मुलगी मागे झोक्यावरून पडली होती. तिचं कोपराजवळ फ्रॅक्चर होतं, 'टाइप ३'. तिला ऑपरेशन करून तारा घालाव्या लागल्या. त्यामुळे घरात सगळ्यांचं म्हणणं, की आपलं दोन नंबरवर निभावलं, आणखी थोडं असतं तर ऑपरेशनच होतं. हे असं असतं का? एक म्हणजे किरकोळ आणि पाच म्हणजे भयंकर?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. प्लास्टरला दोन आठवडे होत आले तेव्हा पुन्हा एक्स-रे काढला. त्यात हाडाचं टोक हाताच्या मागच्या बाजूला जरासं कललेलं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, "असू दे, आता हात लावायचा नाही, वाढीत सरळ होईल." माझ्या मनाला हे काही पटत नाहीये. वाकडं दिसतंय तर पुन्हा बसवायला नको का? सासूबाई तर प्लास्टर काढून हाडवैद्याकडे न्यायचं म्हणतायत.

तिसरं, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला तर मनगटाच्या दोन्ही हाडांच्या टोकांजवळ आडवी काळी रेघ आहे. मग दोन्ही हाडं मोडलीत का? केसपेपरवर तर एकाच हाडाचं नाव आहे.

कृपया जाणकारांनी सांगावं. रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद (ऑर्थोपेडिक सर्जन)

ताई, एक्स-रे न बघता तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी निर्णय देणार नाही. पण हे आकडे कशाचे ते नक्की सांगतो, कारण त्यावरून पालकांचे फार गैरसमज होतात.

ती काळी रेघ आधी घेऊ. ते फ्रॅक्चर नाही. ती ग्रोथ प्लेट आहे, म्हणजे हाड जिथून लांबीला वाढतं ती कूर्चेची पातळ चकती. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही म्हणून तिथे फट दिसते. दुसऱ्या मनगटाचा फोटो काढलात तर तिथेही ती दिसेल. तुमच्या मुलाच्या फोटोत खरं बघायचं ते वेगळंच. रेडियसच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या हाडाच्या, त्या रेघेला लागून वरच्या, कोपराकडच्या अंगाला एका कडेला हाडाचा छोटा तिकोनी तुकडा दिसेल. तो तुकडा दिसला की टाइप २.

१९६३ साली टोरांटोच्या सॉल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी हे वर्गीकरण मांडलं. त्यात एकच प्रश्न आहे: मोडीची रेघ ग्रोथ प्लेटच्या संदर्भात कुठून गेली? नुसती प्लेटमधूनच गेली तर टाइप १. प्लेटमधून जाऊन हाडाच्या दांड्याकडे वळली तर २, आणि सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. सांध्याकडे वळली तर ३. दांडा, प्लेट, सांधा असं सगळं चिरत गेली तर ४. प्लेट चेंगरली तर ५, आणि हा प्रकार पहिल्या एक्स-रेत बहुधा कळतच नाही, वाढ खुंटल्यावर मागाहून लक्षात येतो.

१ आणि २ मध्ये नव्या पेशी तयार करणारा थर सहसा सांध्याकडच्या तुकड्याबरोबर शाबूत राहतो. ३ आणि ४ मध्ये तो थरही चिरला जातो आणि सांध्याचा पृष्ठभागही, म्हणून तिथे तुकडे तंतोतंत जुळवावे लागतात आणि ऑपरेशनची वेळ जास्त येते.

तुमच्या भाचीचा 'टाइप ३' या मापातला नसणार. कोपराच्या वरचं हाड मोडलं की बहुतेक ठिकाणी गार्टलँडचं वर्गीकरण वापरतात, ते १९५९ चं. त्यात हाड किती सरकलं ते बघतात: १ म्हणजे जागेवर, २ म्हणजे वाकलं पण मागची कड टिकून, ३ म्हणजे पूर्ण सुटलं. ती मोजपट्टी वेगळी, ही वेगळी. दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

आणि एकाच वर्गीकरणातला सारखा आकडासुद्धा सगळीकडे सारखा नसतो. मनगटाच्या टाइप २ मध्ये वाढ थांबण्याचा धोका कमी. तोच टाइप २ गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला झाला तर मला जास्त काळजी वाटते. म्हणून आकडा विचारताना हाड कोणतं आणि मुलाचं वय किती, हेही विचारत जा.

आता कललेल्या हाडाबद्दल. ग्रोथ प्लेटचं फ्रॅक्चर साधारण आठवडा-दहा दिवसांनंतर पुन्हा ओढून बसवायला आम्ही कचरतो. तोवर हाड जुळायला लागलेलं असतं, आणि जोर लावला तर जी प्लेट वाचलीय तिलाच इजा होते. रेडियसची बहुतांश लांबी, जवळपास ७५ ते ८० टक्के, मनगटाच्या टोकाकडून वाढते, त्यामुळे तिथला बाक मुलांमध्ये फार छान भरून निघतो. ११ व्या वर्षी वाढीची बरीच वर्षं हाताशी आहेत. मनगट ज्या दिशेने वाकतं त्याच दिशेचा बाक असेल तर आणखी चांगलं. पीळ पडलेला असेल तर मात्र तो असा सुटत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा, "कल किती अंशांचा आहे, पीळ आहे का?"

हाडवैद्याकडे अजिबात नेऊ नका. चोळणं आणि ओढणं या फ्रॅक्चरला सगळ्यात वाईट.

प्रतिसाद (एक पालक)

आमच्या मुलीचा घोटा मुरगळला म्हणून क्रेप बँडेज बांधून बसलो होतो, एक्स-रेही नॉर्मल होता. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटाने नेमकं हाडावर, घोट्याच्या टोकाच्या थोडं वर दाबलं तर ती किंचाळली. ते म्हणाले, वाढत्या मुलांत लिगामेंटपेक्षा ग्रोथ प्लेट कच्ची असते, हा टाइप १ समजून प्लास्टर घालू. आता व्यवस्थित धावते. ताई, धीर धरा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आता हाडवैद्याचा विषय बंद आहे. एक शेवटचं, प्लास्टर निघाल्यावर वाढ नीट होतेय हे कसं कळणार?

प्रतिसाद (ऑर्थोपेडिक सर्जन)

प्लास्टर निघालं म्हणून फाइल बंद करू नका. साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने, दोन्ही मनगटांचा एक्स-रे एकत्र काढायला सांगा. इजेनंतर काही वेळा हाडात प्लेटला समांतर एक पांढरी रेघ उमटते. ती प्लेटपासून सगळीकडून सारखी दूर सरकत असेल तर वाढ चालू आहे. एका बाजूला प्लेटला टेकलेली राहिली तर तिथे वाढ अडकलीय. रेडियस थांबला तरी शेजारचं अल्ना वाढत राहतं, म्हणून करंगळीकडच्या बाजूला मनगट दुखणं किंवा तिथलं हाड पुढे आल्यासारखं दिसणं, हे लक्षात ठेवा. लवकर कळलं तर उपाय आहेत.

आणि प्लास्टर असेपर्यंत बोटं रोज बघा. निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा हलक्या हाताने सरळ केली तरी असह्य दुखलं, तर ओपीडीची वाट न बघता रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठा.