ऑस्ट्रियन अर्थशास्त्र आणि लिबर्टेरियन विचार फुकटात कुठून वाचू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं गाव निफाड तालुक्यात, घरी कांदा. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, अर्थशास्त्राशी संबंध फक्त पगार आणि ईएमआयपुरता. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली, मे 2024 मध्ये ती उठली तरी टनाला 550 डॉलरची किमान किंमत आणि शुल्क होतंच, तेव्हापासून घरी गेलं की हाच विषय असतो. काका म्हणतात उत्पादन खर्चावर हमीभाव द्या, मला वाटतं सरकारने यात हातच घालू नये. पण का घालू नये ते मांडायला गेलो की दोन वाक्यांत माझं संपतं आणि काकांचं चालू होतं.

ऑफिसमधला एकजण म्हणाला मीझेस आणि हायेक वाच, दोघेही ऑस्ट्रियन पंथाचे अर्थतज्ज्ञ, सरकारने बाजारात कमीत कमी हात घालावा म्हणणारे. मीझेसचं ‘ह्यूमन ॲक्शन’ मीझेस इन्स्टिट्यूटच्या साईटवर फुकट आहे म्हणून उतरवलं तर नऊशेच्या आसपास पानं, आणि सुरुवातच माणूस कृती करतो म्हणजे नेमकं काय करतो इथून. कांद्यापर्यंत पोचायला वर्ष जाईल हो.

तर सांगा, कुठल्या क्रमाने वाचू? मराठीत काही आहे का? बसमध्ये ऐकता येईल असं असेल तर सोन्याहून पिवळं. टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफ नकोत, रीतसर फुकट असेल तेवढंच सांगा. आणि कृपया डावे-उजवे भांडण इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.

प्रतिसाद १:
ह्यूमन ॲक्शन आत्ता बंद करून ठेवा, ते शेवटी. आधी हॅझलिट या अमेरिकन पत्रकाराचं ‘इकॉनॉमिक्स इन वन लेसन’ घ्या, 1946 चं आहे, छोटी छोटी प्रकरणं, एका बैठकीत दोन-तीन होतात. त्यात अमेरिकन शेतकऱ्यांच्या ‘पॅरिटी’ भावावर अख्खं प्रकरण आहे, म्हणजे 1909 ते 1914 मध्ये शेतमालाची जी खरेदीशक्ती होती तीच कायम मिळावी अशी मागणी. काकांशी बोलण्याआधी तेवढं वाचाच, हमीभावाचाच वाद आहे, फक्त पिकं वेगळी.

मग हायेकचा 1945 चा लेख, ‘द यूज ऑफ नॉलेज इन सोसायटी’. इकॉनलिबच्या साईटवर पूर्ण आहे, फार लांब नाही, पण सावकाश वाचा. तो कथिलाचं उदाहरण देतो. कथिल महागलं की वापरणारे आपोआप जपून वापरतात, खाण बंद पडली म्हणून महागलं की कुठे मागणी वाढली म्हणून, हे त्यांना कळायची गरजसुद्धा नसते. आता कथिलाच्या जागी कांदा ठेवा. साठवणीच्या कांदाचाळीत किती माल आहे, त्यातला किती सडलाय, कोणाला आजच पैशाची नड आहे, हे दिल्लीत बसून कोणाला कळणार? ते सगळं लिलावाच्या भावात उतरतं आणि निर्यातबंदी नेमका तो भावच दाबते. माझ्या मते अख्ख्या ऑस्ट्रियन पंथातलं एकच काही वाचायचं असेल तर हे.

ऐकायला रस रॉबर्ट्सचा इकॉनटॉक पॉडकास्ट आहे, 2006 पासून चालू आहे, दर सोमवारी नवा भाग येतो. सगळे पाहुणे या पंथाचे नसतात, ते बरंच आहे.

प्रतिसाद २:
मराठीत काय म्हणून विचारताय, आपल्याकडे शेतकरी संघटनेचे शरद जोशी होते की! मराठी विकिस्रोतावर त्यांची पुस्तकं आहेत, फुकट आणि रीतसर. ‘अंगारमळा’पासून सुरू करा, भाषा एकदम सरळ. नव्वदच्या सुरुवातीला बाकी सगळे डंकेल प्रस्तावावर, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावर, तुटून पडले होते तेव्हा हा माणूस शेतकऱ्यांसमोर उभा राहून खुल्या बाजाराची बाजू मांडत होता.

शिवाय इंडियन लिबरल्स नावाचं ऑनलाईन संग्रहालय आहे, सेंटर फॉर सिव्हिल सोसायटीचं. खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्या जुन्या स्वतंत्र पक्षाची कागदपत्रं, फोरम ऑफ फ्री एंटरप्राइजच्या पुस्तिका, मुंबईहून निघणाऱ्या ‘द इंडियन लिबर्टेरियन’चे जुने अंक, सगळं स्कॅन केलेलं. त्या नियतकालिकामागचे रणछोडदास लोटवाला म्हणजे तेच, ज्यांनी विशीच्या दशकात कॉम्रेड डांग्यांना पैसा पुरवला होता. माणूस कुठून कुठे जातो बघा. तिथेच अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉयही शोधा, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर 1955 मध्ये भिन्नमतपत्रिका जोडणारे तेच, लंडनला शिकताना हायेकची व्याख्यानं ऐकलेले.

प्रतिसाद ३:
वरचं सगळं ठीक, पण शरद जोशी आणि मीझेस एका पोत्यात घालू नका. 1980 च्या आसपास जोशींच्या चाकणच्या कांदा आंदोलनात मागणी काय होती? उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव. आणि ऑस्ट्रियन पंथाचा आद्यपुरुष कार्ल मेंगर 1871 मध्येच सांगून गेला की वस्तूची किंमत तिच्यावर किती खर्च झाला यावर ठरत नाही, घेणाऱ्याला तिची किती गरज आहे यावर ठरते. म्हणजे तुमच्या काकांचा खरा वाद मेंगरशी आहे. जोशींचं उत्तर असं की सरकार मुद्दाम भाव पाडतं, म्हणजे मदत देण्याऐवजी शेतकऱ्याकडूनच काढून घेतं, ही उणे सबसिडी, ती थांबवा. दोन्ही वाचा, सांधा कुठे जुळत नाही ते स्वतः बघा.

आणखी एक, हे लोक आकडेवारीपेक्षा तर्कावर भिस्त ठेवतात, मीझेस तर उघड म्हणतो की अर्थशास्त्राचे सिद्धांत इतिहासातल्या आकड्यांनी खोटे पाडता येत नाहीत. मला हे पटत नाही. बहुतेक अर्थतज्ज्ञांनाही नाही. हे डोक्यात ठेवून वाचा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. हॅझलिट उतरवलं, ते पॅरिटीचं प्रकरण काल रात्रीच वाचलं. मेंगरचं मात्र काकांना कसं सांगायचं कळत नाहीये, खर्च मोजू नका म्हटलं तर जेवायला वाढणार नाहीत. मेंगरवर सोप्या भाषेत, शक्यतो ऐकायला, काही असेल तर टाका.

प्रतिसाद १:
पेर बायलुंडचं ‘हाऊ टू थिंक अबाउट द इकॉनॉमी’ बघा, मीझेस इन्स्टिट्यूटनेच 2022 मध्ये काढलंय, फुकट, छोटंसं. मूल्याचा मुद्दा नीट सोडवून सांगितलाय. आणि काकांना खर्चाचं काही बोलूच नका, एवढंच विचारा की गेल्या वर्षी ज्या कांद्याला भाव मिळाला नाही त्याला खर्च कमी आला होता का.