सल्ला हवा: एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) नवीन आहे, नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचे कोणते मेनू आधी शिकू?

खराडीची_रातराणी
नमस्कार मंडळी. खराडीतल्या एका एनओसीत नुकतीच लागले आहे. काम एका मोबाइल ऑपरेटरचं, माझ्याकडे पुणे शहर आणि ग्रामीणच्या साइट (टॉवर). लॉगिन सध्या फक्त बघण्यापुरतं. सॉफ्टवेअर उघडलं की टोपोलॉजी (काय कशाला जोडलंय त्याचा नकाशा), फॉल्ट, कॉन्फिगरेशन, परफॉर्मन्स, सिक्युरिटी, आणि प्रत्येकाच्या पोटात ढीगभर उपमेनू. ट्रेनिंगमध्ये सगळं भराभर दाखवून झालं. गणपतीच्या आधी रात्रपाळी एकटीने सांभाळायची आहे. सुरुवात कुठून करू? पैसे भरून कोर्स करावा का?

जुना_टॉवर
अभिनंदन ताई! कोर्सला पैसे घालू नका. एरिक्सनचं ईएनएम असो, नोकियाचं नेटअ‍ॅक्ट असो, मेनूंची नावं बदलतात, आतला सांगाडा तोच. रात्रपाळीला नव्वद टक्के वेळ अलार्मच्या यादीसमोरच जाणार, म्हणून आधी तीच नीट शिका.

यादी उघडल्यावर पहिली नजर फिल्टरवर. आधीच्या पाळीतल्या कोणीतरी फक्त क्रिटिकल दिसतील असा फिल्टर ठेवलेला असतो, किंवा फक्त शहराचा. आपल्याला वाटतं आज किती शांतता आहे! त्यामुळे स्वतःचा फिल्टर स्वतःच्या नावाने सेव्ह करा आणि पाळी घेताना तोच लावा.

दुसरं, ॲक आणि क्लिअर यांची गल्लत नको. ॲक म्हणजे 'मी पाहिलं, माझ्याकडे आहे'. क्लिअर मात्र बिघाड गेल्यावर नोडकडूनच (साइटवरच्या उपकरणाकडूनच) यायला हवा. हाताने क्लिअर करायचा पर्याय मेनूत असतो, पण बिघाड तसाच राहतो आणि यादी मात्र स्वच्छ दिसते. क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग ही उतरंड आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) एक्स.७३३ या १९९२ च्या शिफारशीतली आहे, म्हणून ती सगळीकडे सारखी दिसेल.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: नोडचा सॉफ्टवेअरशी संपर्क तुटल्याचा अलार्म, कुठे हार्टबीट फेल म्हणतात. याचा अर्थ साइट बंदच आहे असा नाही. कदाचित लोक तिथे मजेत बोलत असतील, आपल्यालाच दिसत नाहीये. उलट त्या नोडचे बाकीचे अलार्म यादीत जुनेच अडकून राहतात. संपर्क आला की अलार्म सिंक करून घ्यायचा, म्हणजे नोडकडून ताजी यादी मागवायची.

कोथरूड_डेपो
जुना_टॉवर यांच्याशी सहमत, पण मेनूच्या मागे फार लागू नका. साइट डाउन झाली की तुम्ही चार खिडक्या उघडेपर्यंत शेजारचा माणूस कमांडने उत्तर काढून मोकळा. हुआवेच्या एमएमएलमध्ये (कमांडच्या भाषेत) एलएसटीने सुरू होणारी कमांड काय कॉन्फिगर केलंय ते सांगते, डीएसपीने सुरू होणारी आत्ताची खरी स्थिती. दोन्हींनी काही बिघडत नाही, बिनधास्त मारा. एमओडी आणि आरएमव्ही मात्र बदल करतात आणि काढून टाकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जुना_टॉवर
कमांड यायलाच हव्यात, नाही कोण म्हणतंय. पण नवख्या माणसाला टोपोलॉजीचं झाड डोळ्यांसमोर नसेल तर कमांड कुठल्या नोडवर मारायची हेच कळत नाही. ताम्हिणीकडच्या साइट घ्या. पावसाळ्यात एका मायक्रोवेव्ह हॉपवर (दोन टॉवरमधल्या बिनतारी दुव्यावर) सिग्नल पडला की त्यामागच्या सगळ्या साइट एकदम लाल होतात. झाडावर मूळ साइट दिसली तर टिकीट (दुरुस्तीची नोंद) एकच काढायचं, नाहीतर प्रत्येक साइटचं वेगळं काढून फील्डवाल्यांच्या शिव्या खा. मायक्रोवेव्हचं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी वेगळं असतं, त्याचं लॉगिन आजच मागून ठेवा.

आकडेमोड
परफॉर्मन्स मेनू कोणीच सांगितला नाही, म्हणून लिहितोय. काही सेल (साइटचा एकेका भागाला सिग्नल देणारा हिस्सा) अलार्म न देता झोपतात. यादी हिरवीगार, पण ट्रॅफिक शून्य. ते फक्त काउंटरमध्ये (ट्रॅफिक, कॉल वगैरेंच्या मोजणीत) सापडतं. काउंटर सहसा १५ मिनिटांच्या हप्त्याने येतात, त्यामुळे आत्ता झालेली गोष्ट लगेच दिसेल अशी अपेक्षा नको. आणि रिपोर्टची वेळ यूटीसीत आहे का आपल्या वेळेत, ते पहिल्याच दिवशी बघा. साडेपाच तासांच्या फरकापायी लोक चुकीच्या पाळीवर खापर फोडतात. रात्री तीनला ट्रॅफिक तसंही कमी असतं, म्हणून कालच्या त्याच वेळेशी तुलना करा.

वाचायचं असेल तर थ्रीजीपीपीचे (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या गटाचे) दस्तऐवज फुकट आहेत: अलार्मसाठी ३२.१११, एलटीईच्या (फोरजीच्या) काउंटरसाठी ३२.४२५, फाइव्हजीसाठी २८.५५२. रुक्ष आहेत, पण अडलेला काउंटर शोधायला चालतात.

कोथरूड_डेपो
कॉन्फिगरेशन मेनूबद्दल एक. पुढेमागे बदलाचे अधिकार मिळाले की सेल लॉक करण्याआधी शटिंग डाउनचा पर्याय आहे का बघा. त्यात चालू कॉल संपू दिले जातात आणि मग सेल बंद होतो. थेट लॉक केलं तर कॉल तुटतात. विसर्जनाच्या दिवशी तर हा मेनू उघडूसुद्धा नका. मिरवणूक २४ तासांच्या वर चालते, लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्त्याच्या सेलवर श्वास घ्यायला जागा नसते, आणि बदल गोठवलेलेच असतात.

खराडीची_रातराणी
सगळ्यांचे मनापासून आभार! कोर्सचा विचार सोडला. मायक्रोवेव्हच्या लॉगिनसाठी मेल टाकलाय. एकच शंका: अलार्म सिंक मला कुठे सापडेना. नोडवर राइट क्लिक केलं तर तो पर्याय राखाडी दिसतोय.

जुना_टॉवर
बघण्यापुरत्या लॉगिनला तो राखाडीच दिसणार. शिफ्ट लीडकडून फक्त फॉल्टपुरता रोल वाढवून घ्या, कॉन्फिगरेशनचा मागू नका. मिळेपर्यंत रात्री सिंक कोणाकडून करून घ्यायचा, त्याचा नंबर हँडओव्हरच्या शीटवर लिहून ठेवायला सांगा.