आरसी (रिमोटवाल्या) कारच्या रेसले नियम कोणते ठेवाचे?

पऱ्हाटीवाला: राजेहो, दारव्ह्याकडं आमी पोट्टे जिनिंगच्या रिकाम्या यार्डात १/१० च्या (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) आरसी कार पयवतो. आता एकानं भारी ब्रशलेस मोटर अन् ३एस लिपो (तीन सेलची लिथियम बॅटरी) टाकली त गाडी दिसतच नाई, बाकीचे म्हनते मंग आमी कायले येऊ. स्पीड बी पायजे, खर्च बी नको, कसं कराव?

वणीचा भाऊ: सगळ्याइले एकच मोटर ठरवून टाका. १७.५ टर्न (मोटरमंधले तारेचे वेढे), ईएससी (स्पीड कंट्रोलर) ब्लिंकीवर म्हंजे स्पीड वाढवनारं टायमिंग झीरो, बॅटरी २एसच (दोन सेलची). टर्न जास्त तेवढी गाडी हळू, पन मंग कोन कसा चालवते थे दिसते. रेसच्या आधी मल्टीमीटर लावा, फुल चार्ज २एस ८.४ व्होल्टच्या वर नसते जात.

रिकामटेकडा: १७.५ बी स्वस्त नाई बाप्पा, अन् त्यातबी लोकं निवडक मोटर हुडकत बसते. त्यापरीस ५४० साइजची साधी ब्रशवाली मोटर घ्या, सगळ्याइची सारखी, रेसच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटा. टायर बी एकाच मेकचे. खरा पैसा तिथंच जाते, मुरमावर टायरच्या गुठल्या गुळगुळीत होऊन जाते.

पऱ्हाटीवाला: चिठ्ठीवालं पटलं. पन ३एसवाल्याचं काय?

वणीचा भाऊ: त्याले ओपन गट द्या, बैलाइच्या शंकरपटात नाई का गट असते. एकटाच पयन किती दिवस!