भाड्याच्या खोलीतले मांजर आणि मे महिना

प्राजक्त :
गेल्या आठवड्यात ‘पंचगंगा’ यांनी येथे असे लिहिले, की घर सोडून शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाने मांजर किंवा कुत्रे पाळावे, कारण त्याने एकटेपणा जातो आणि जबाबदारी अंगी बाणते. मला हे मुळीच पटलेले नाही. कर्वेनगरमधल्या आमच्या इमारतीत वरच्या दोन मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. दरवर्षी मे महिन्यात परीक्षा संपल्या, की टेम्पोत गाद्या चढतात, कूलर चढतो, आणि मांजर जिन्यातच राहते. गेल्या वर्षीचे मांजर दुकानातून आणलेले, पांढरे, लांब केसांचे होते. पोटाखाली केसांच्या इतक्या घट्ट गाठी झाल्या होत्या, की त्याला पाय नीट टाकता येत नव्हते. तरीही अकरा दिवस ते कुलूप लावलेल्या दारापुढे, जिथे त्याची वाटी असायची नेमके तिथेच, बसून राहिले. पदवी तीन-चार वर्षांची असते आणि नीट सांभाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. जनावर असे उपाशी टाकून देणे हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, तेव्हा त्याची भीती कोणाला वाटणार? मुलांना जबाबदारी शिकवायची असेल, तर त्यासाठी जिवंत प्राण्याला वेठीस धरू नये.

पंचगंगा :
काकू, सुक्याबरोबर ओलेही जाळायचे असेल तर बोलणेच खुंटले. कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर दुसऱ्या वर्षी माझे चार विषय राहिले होते, मेसचा डबा दाराबाहेर तसाच पडून असायचा आणि मी दुपारपर्यंत अंथरुणात. जुलैच्या पावसात पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकामागे एक पिल्लू सापडले. ते पहाटे साडेपाचला माझ्या हनुवटीवर पंजा ठेवायचे, आणि त्याला खायला घालायला उठलेला मी मग परत झोपत नसे. विषय सुटले ते त्या उठण्यामुळे, असे मी आजही मानतो. घरमालकांनी ‘जनावर चालणार नाही’ म्हटले, तेव्हा मी खोली सोडली, मांजर सोडले नाही. आज ते सात वर्षांचे आहे.

परळकर :
परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता दवाखाना चालवतो, म्हणून सांगतो, की तुम्ही दोघांनीही मूळ दुखणे सोडून दिले आहे, आणि ते म्हणजे अज्ञान. मांजराचे अंग गरम लागले म्हणून मुलांनी स्वतःजवळची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी त्याला दुधातून दिलेली असते. मांजराच्या यकृताला हे औषध झेपत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते, धाप लागते, आणि मुले रडवेली होऊन म्हणतात, ‘डॉक्टर, आम्ही तर औषधच दिले होते.’ कुत्र्यांमध्ये पार्व्हो या विषाणूच्या आजाराची तीच कथा. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास नियमाने बंदी असतानाही महिन्याभराचे पिल्लू सर्रास विकले जाते, लस टोचण्याआधीच ते आजारी पडते, आणि रक्ताचे जुलाब सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी, पैसे गोळा करून, चार मित्र त्याला टॉवेलात गुंडाळून आणतात. पंचगंगा, तुमच्या पिल्लाचे दैव बलवत्तर होते. ते इतरांना सल्ला म्हणून देऊ नका.

वेताळ टेकडी :
मग पाळूच नये, आवारातल्यांनाच जीव लावावा. आमच्या कॉलेजात नऊ कुत्री आहेत. वर्गणी काढून आम्ही सगळ्यांचे निर्बीजीकरण करून घेतले, रेबीजची लस दरवर्षी टोचून घेतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत भात घेऊन कोणी यायचे याच्या पाळ्या लावलेल्या असतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शिक्षणसंस्थांच्या आवारातली कुत्री हलवून पुन्हा तिथे सोडू नयेत असे सांगितल्यापासून आम्हाला रात्री झोप नाही. लस टोचलेली, ओळखीची कुत्री गेली, की मोकळ्या जागेत बिनलसीची नवी येतात.

एक पालक :
तुमच्या या जीव लावण्याची किंमत माझ्या मुलाने मोजली आहे. वसतिगृहाच्या दारात कुत्रे पोटरीला चावले, आणि ‘आपल्याच आवारातले आहे, काही होत नाही’ असे मित्रांनी सांगितल्यामुळे त्याने तीन दिवस घरी कळवलेही नाही. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. जखमेत टोचायचे सीरम तिसऱ्या रुग्णालयात मिळाले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे माहीत असलेल्या बापाची ती रात्र कशी गेली असेल, याचा विचार भात घालणाऱ्यांनी करावा.

वेताळ टेकडी :
काका, हे वाचून अंगावर काटा आला. पण त्या कुत्र्याच्या कानाला खाच होती का? निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याला ती असते.

एक पालक :
पोटरीतून रक्त वाहत असताना कान कोण बघतो? तरीही एवढे मान्य करतो, की तुमच्यासारखी लसीची नोंद त्या वसतिगृहात कोणी ठेवली असती, तर माझी निम्मी धास्ती कमी झाली असती. कुत्री तिथेच राहावीत, हे मात्र मी कदापि मान्य करणार नाही.

पंचगंगा :
काकू, ‘प्रत्येक मुलाने’ हे माझे शब्द मी मागे घेतो. परळकरांचे वाचल्यावर घ्यावेच लागतात. पण तेव्हा मला कोणी अडवले असते, तर माझे शिक्षण तिथेच संपले असते, हे तुम्हीही लक्षात घ्या.

प्राजक्त :
तुमच्यापुरते मान्य करते. खोली बदलून मांजर जपणारा मुलगा मी आमच्या जिन्यात अजून पाहिलेला नाही. पिल्लू आणण्याआधी मे महिन्यात ते कोणाकडे जाणार हे ठरवावे, आणि त्या माणसाला तसे आधी विचारलेले असावे, एवढीच माझी अट आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या अंतिम वर्षाच्या मुलाकडे सध्या एक पिवळे मांजर आहे. परीक्षेला अजून अवकाश आहे, तेव्हा उद्याच वर जाऊन त्याला विचारते.